प्रकल्प नोंदी: खाच पडते म्हणजे कोण पाडतं?

८ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. नववीतल्या दोघींनी विज्ञान प्रदर्शनासाठी नाव दिलंय आणि विषय ठरत नाहीये. ठिबक सिंचनाचं मॉडेल सांगलीत दरवर्षी असतं, धूर सोडणारा ज्वालामुखी तर असतोच असतो. एकीने मोठ्या बहिणीचं दहावीचं पुस्तक आणलं होतं. त्यात पेशीविभाजनाच्या चारही अवस्था चित्रांसकट, गुणसूत्रं कुठून कुठं गेली ते सगळं. आणि शेवटी प्राणीपेशीच्या मधोमध खाच पडते, ती खोल जाते, दोन पेशी होतात. संपलं.

तिने विचारलं, “सर, खाच पडते म्हणजे कोण पाडतं?”

मी पाठ केलेलं उत्तर दिलं : ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचं एक कडं असतं, ते आवळतं. तिने वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, “बघायला मिळेल?”

वीस वर्षं शिकवतोय, पण मीसुद्धा बघितलेलं नाही. बी.एस्सी.ला कांद्याच्या मुळांची टोकं उकळली, रंगवली, कव्हरस्लिपवर अंगठा दाबून चेपली. पण त्या पेशी मेलेल्या, आणि वनस्पतीच्या. वनस्पतीत खाच पडतच नाही. तिथे मधोमध भिंत उभी राहू लागते आणि ती आतून बाहेर वाढत कडेला भिडते. म्हणजे कांदा चेपून आपण सगळे विभाजन ‘बघून’ पास झालो, आणि स्वतःच्या अंगातली पेशी कशी तुटते ते कुणीच बघितलं नाही.

विषय ठरला. मुलींची नावं इथे लिहीत नाही. एकीकडे वेळ नोंदवायचं काम, ती घड्याळवाली. दुसरीचा हात चांगला, ती चित्रवाली.

१० नोव्हेंबर

जिवंत, मोठी आणि पारदर्शक पेशी हवी. या विषयावरची बरीचशी जुनी कामं समुद्री साळूच्या (सी-अर्चिन, समुद्रातला काटेरी गोल प्राणी) अंड्यांवर झालीत. आम्हाला समुद्र गाठायचा तर घाट उतरून रत्नागिरी, तेव्हा ते बाद. शिपाईमामा हरिपूरचे. त्यांना म्हटलं, पाणवनस्पतीला चिकटलेल्या छोट्या गोगलगायी मिळतील का? दुसऱ्याच दिवशी रिकाम्या तेलाच्या डब्यात वीस-पंचवीस घेऊन आले. पातळ, तपकिरी, टोकदार शंखाच्या. लिम्निया. एक डाव्या तोंडाची निघाली, ती बहुधा फायसा. तिला वेगळ्या बाटलीत ठेवलं.

काचेची बरणी, एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडालेलं नळाचं पाणी, पालकाची पानं. या गोगलगायी काचेवर पारदर्शक चिकट पट्टी घालतात आणि तिच्यात अंडी असतात. मामांचं मत : “सर, ह्ये शेंबडं पाळून काय करायचं?”

१४ नोव्हेंबर

चार दिवस नुसता पालक खाणं चालू आहे. पट्ट्या सापडतात त्या सकाळी, आणि तोवर प्रत्येक अंड्यात डझनावारी पेशींचा गोळा झालेला असतो. उशीर झाला म्हणजे झाला, त्याला इलाज नाही.

१५ नोव्हेंबर

पाणी गढूळ झालं म्हणून सकाळी प्रार्थनेआधी सगळं बदललं. दुपारच्या सुट्टीत ताज्या पट्ट्या! नंतर वाचलं की स्वच्छ, ताजं पाणी मिळालं की या अंडी घालतात, हे माहीत असलेलंच आहे. मला माहीत नव्हतं एवढंच. आता आमच्या हाती चावी आली : संध्याकाळी पाणी घाण होऊ द्यायचं, सकाळी बदलायचं.

१६ नोव्हेंबर, रविवार

रविवारी प्रयोगशाळा उघडायला मुख्याध्यापकांची परवानगी घेतली. साडेसातला पाणी बदललं. नऊच्या सुमारास काचेवर पहिली पट्टी दिसली. ब्लेडने हलकेच सोडवून स्लाईडवर घेतली. कव्हरस्लिप थेट ठेवली की अंडी चिरडतात, म्हणून दोन बाजूंना दोऱ्याचे तुकडे.

सूक्ष्मदर्शक आरशाचा, खिडकीच्या उजेडावर चालणारा. चाळीसचं भिंग लावलं तर ते पट्टीच्या जाडीला टेकतं, नजर अंड्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून दहाच्याच भिंगावर राहिलो. प्लास्टिकची पारदर्शक मोजपट्टी खाली धरून नजरेचं वर्तुळ मोजलं, पावणेदोन मिलिमीटर भरलं. त्यात अंड्यातली पेशी एका ओळीत सतरा मावतील. म्हणजे एक पेशी साधारण ०.१ मिलिमीटर. शरीरातल्या बहुतेक पेशींच्या मानाने हा रांजणच.

पहिल्या तासात विशेष काही नाही. पेशीच्या एका टोकाला बारीक फोड आला, नंतर त्याच्याशेजारी आणखी एक. हे ध्रुवीय पिंड. अंडपेशी नको असलेली गुणसूत्रं अशी बाहेर टाकते. खरं तर हेही विभाजनच, फक्त वाटणी कमालीची अन्यायाची : एकीला सगळं घर, दुसरीला उंबऱ्याबाहेरची पायरी. आमच्या कामाचं म्हणजे, कुठली बाजू ‘वर’ ते या फोडांवरून कळतं.

साडेबारानंतर घड्याळवालीने ओरडून सांगितलं, “सर, वरनं चेपलंय!”

खरंच. ध्रुवीय पिंडांच्या बाजूला पेशीचा काठ सपाट झाला, मग आत गेला. पाच मिनिटांत पत्त्यातला बदाम. खालची बाजू अजून गोलच होती. मी चारही बाजूंनी सारखं आवळलं जाईल असं धरून बसलो होतो, इथे वरची बाजू आधी आणि खालची मागून. मग खालूनही खळगा आला. कंबर बारीक होत गेली आणि तेरा मिनिटांत दोन गोळे एकमेकांना नुसते टेकलेले राहिले, ताटातल्या लाडवांसारखे.

सांगायची गोष्ट ही : त्या तेरा मिनिटांत काहीही ‘पडत’ नव्हतं. बघताना जोर लागतोय हे जाणवतं. खाचेच्या शेजारची कड ताणलेली दिसते, आतले दाणे बाजूला सरकतात. चित्रवालीने वहीत बदाम काढला आणि त्याच्या खळग्यात आत रोखलेले दोन बाण काढले. कुणी सांगितलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर

आज सूक्ष्मदर्शकावर मोबाईल बांधून चित्रीकरण सुरू केलं. खाच यायला लागली आणि घरून फोन आला, येताना कोथिंबीर आणा. चित्रीकरण बंद. यापुढे विमान मोड.

१९ नोव्हेंबर

वाचन. ‘कोण पाडतं’ या प्रश्नाचं नीट उत्तर.

खाचेच्या तळाशी, पेशीपटलाच्या अगदी आतून चिकटून, ॲक्टिनच्या धाग्यांची एक पट्टी पेशीच्या कमरेभोवती तयार होते. धाग्यांमध्ये मायोसिनचे रेणू. ते धागे धरून एकमेकांवरून सरकवतात. रविवारच्या मटणात जे आकुंचन पावणारं यंत्र असतं, तेच हे, पण तात्पुरतं उभारलेलं. थॉमस श्रोडर यांनी १९६०-७० च्या काळात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ही पट्टी दाखवली. जाडी ०.१ ते ०.२ मायक्रोमीटर, आणि साळूच्या अंड्यात रुंदी आठ-दहा मायक्रोमीटर. आमच्या गोगलगायीची पेशी फुगवून एक मीटर व्यासाचं पिंप केलं, तर ही पट्टी रुंदीला दहा सेंटिमीटर आणि जाडीला एक-दोन मिलिमीटर भरेल. पायजम्याच्या नाडीपेक्षा कमरेच्या इलॅस्टिकच्या जवळची.

पुरावा म्हणून मुलींना सर्वात आवडला तो मसाशी माबुची आणि... नाही, नाव तपासलं : इस्सेई माबुची आणि माकोतो ओकुनो, १९७७. त्यांनी तारामाशाच्या पेशीत मायोसिनला पकडून ठेवणारं प्रतिपिंड टोचलं. केंद्रकं विभागत राहिली, पेशी मात्र तुटेना. एका घरात दोन चुली, पण मधली भिंत नाही.

मग मीच घातलेला घोळ. “मायोसिन नसेल तर पेशी तुटूच शकत नाही” असं फळ्यावर लिहून मोकळा झालो. रात्री वाचलं की १९८७ मध्ये डिक्टिओस्टेलियम नावाच्या अमीबासारख्या जिवातून हे मायोसिन काढून टाकलं, तर द्रवात तरंगणाऱ्या पेशी तुटेनात आणि अनेक केंद्रकांच्या होत गेल्या, पण काचेवर चिकटलेल्या पेशी दोन दिशांना रांगत जाऊन एकमेकींपासून ओढून सुटल्या. गुंता सोडवता येत नाही म्हणून दोघांनी दोन टोकं ओढावीत तसं. सकाळी फळ्यावरचं वाक्य खोडलं.

२२ नोव्हेंबर

चित्रवालीने आजीचा बटवा आणला. नाडी ओढून तोंड आवळून दाखवलं आणि म्हणाली, हेच मॉडेल. वाईट नाही. पण बसून विचार केला तर दोन ठिकाणी अडतं.

एक. बटव्याची नाडी ओढली की उरलेली बाहेर लोंबते. पेशीत लोंबायला जागा कुठे? कडं लहान होत जातं, तरी त्याची जाडी-रुंदी वाढत नाही, असं श्रोडर यांनी मोजलं. म्हणजे आवळता आवळता नाडी सुटी होऊन विरघळत जाते. आवळणं आणि मोडणं एकाच वेळी. म्हणूनच कंबर अगदी बारीक झाल्यावर मध्ये नाडीचा बोळा अडकत नाही.

दोन. बटव्याचं कापड चुरगळतं, म्हणजे तिथे कापड जास्त असतं. पेशीत उलट, कापड कमी पडतं. हे गणित मुलींनी कणकेच्या गोळ्यावर केलं. एका गोळ्याचे समान दोन केले, दोऱ्याने घेर मोजला, सूत्र लावलं. घनफळ तेच, पण दोन गोळ्यांचं एकूण पृष्ठफळ मूळच्या १.२६ पट. म्हणजे तेरा-चौदा मिनिटांत सव्वीस टक्के जादा पटल कुठून तरी आणायला हवं. काही पटलाच्या सूक्ष्म घड्या उलगडून येतं, काही आतल्या पटलाच्या पिशव्या खाचेत येऊन जोडल्या जातात. घड्याळवालीचं म्हणणं, बटव्यापेक्षा शिंपी बरा : आवळतो पण आणि ठिगळ पण लावतो.

बटवा ठेवायचाच, पण शेजारी ही दोन वाक्यं लिहायची.

२३ नोव्हेंबर

कडं किती जोराने आवळतं, असं दोघींनी विचारलं. रेमंड रॅपापोर्ट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये हे मोजलं. साळूच्या जातभाईंच्या अंड्यात खाचेच्या वाटेत काचेच्या बारीक सुया ठेवल्या, आणि खाच त्यांना किती वाकवते त्यावरून जोर काढला. काही दशक नॅनोन्यूटन. डास साधारण दोन-अडीच मिलिग्रॅमचा, तेव्हा हा जोर त्याच्या वजनाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. मामा : “मग तर लईच झालं की.” चेष्टा होती की कौतुक, कळलं नाही.

२६ नोव्हेंबर

विमान मोडवर पूर्ण चित्रीकरण मिळालं. आजची गंमत खाच पुरी झाल्यानंतरची.

दोन गोळे टेकून उभे. मी भांडी आवरायला लागलो. घड्याळवाली : “सर, परत एक झालं!” बघतो तर दोन्ही गोळे एकमेकांवर दाबले जाऊन चपटे झालेले, एकत्र मिळून पुन्हा जवळजवळ गोल, मध्ये फक्त एक सरळ रेघ. मला वाटलं विभाजन फसलं आणि स्लाईड गरम झाली. स्लाईड बाजूला ठेवणार तेवढ्यात त्या रेघेत पारदर्शक फट दिसू लागली. फट मसुरीच्या दाण्यासारखी झाली, मग फुगली, दोन्ही पेशी बाजूला रेटल्या गेल्या. आणि अचानक, एका झटक्यात, रिकामी. पुन्हा नुसती रेघ. थोड्या वेळाने पुन्हा फट भरायला लागली.

हे फसणं नव्हतं. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींची ही ओळखीची लकब आहे. पेशींमध्ये क्षार जास्त, बाहेर कमी, त्यामुळे परासरणाने पाणी सारखं आत येत राहतं. दोन पेशी ते मधल्या पोकळीत साठवतात आणि फेकून देतात. काल जन्मलेलं जोडपं, पण पावसाळ्यात घरात शिरलेलं पाणी उपसायची सोय पहिल्या तासातच केलेली. कृष्णाकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

एक मात्र नोंदवतो. आतापर्यंत मी वर्गात दोन पेशी सुटलेल्या गोळ्यांसारख्या काढत आलो. प्रत्यक्षात तुटल्यावर त्या एकमेकींना चिकटतात, दाबतात. तुटणं म्हणजे दूर जाणं नाही.

२९ नोव्हेंबर

आता दुसरा प्रश्न : कड्याला कुठे आवळायचं हे कसं कळतं? चुकीच्या जागी आवळलं तर सगळी गुणसूत्रं एकीकडे.

मुलींचा अंदाज, मधली गुणसूत्रं सांगत असतील. माझाही बरेच दिवस तोच समज. १९५६ मध्ये जपानच्या युकिओ हिरामोतो यांनी विभाजन ऐन भरात असताना साळूच्या अंड्यातून गुणसूत्रं ओढणाऱ्या तुर्कतंतूंचा सगळा सांगाडाच शोषून काढला. तरी खाच आली आणि पेशी तुटली. म्हणजे निरोप आधीच पोचलेला होता.

पण खरी मजा रॅपापोर्ट यांच्या १९६१ च्या प्रयोगात. त्यांनी अंड्याच्या मधोमध काचेची गोळी दाबून त्याचा मेदुवडा केला. पहिल्या विभाजनात खाच एकाच बाजूला आली, त्यामुळे वड्याचा झाला मराठी ‘८’सारखा वाकडा, दोन टोकं सुटलेला, दोन केंद्रकं असलेला तुकडा. दुसऱ्या विभाजनात प्रत्येक केंद्रकाचा सांगाडा झाला आणि त्या प्रत्येकाच्या मध्ये खाच पडली. हिशेबाने तीन पेशी व्हायला हव्यात. झाल्या चार. जादा खाच आली ती दोन सांगाड्यांच्या मधल्या बाकदार भागावर, जिथे गुणसूत्रं नव्हती, सांगाडा नव्हता. होत्या त्या फक्त दोन्ही बाजूंनी येऊन समोरासमोर पडलेल्या दोन तारका, म्हणजे सूक्ष्मनलिकांचे पसरलेले झुबके. दोन तारकांची हद्द जिथे मिळते तिथे कडं उभं राहतं. गुणसूत्रं मध्ये हवीतच असं नाही.

आज यात रेणूंची नावं भरली गेलीत. सांगाड्याच्या मधल्या पट्ट्यावरची प्रथिनं ऱ्हो-ए नावाचा खटका चालू करतात, तो फॉर्मिन नावाच्या प्रथिनाला ॲक्टिनचे धागे विणायला लावतो आणि मायोसिनला कामाला. पण पेशीनुसार कुठला निरोप किती जोराचा हे बदलतं. मुलींना मी एवढंच दिलं : दोन शेतांचे मालक बांधावर भेटतात, आणि खाच बांधावर पडते.

शाडूचे वडे करून दाखवले. चौथ्या पेशीपाशी दोघींनीही बोटं मोजली.

३ डिसेंबर

थंडी पडलीय. सकाळी प्रयोगशाळेत १७ अंश. खाचेला तेरा मिनिटं लागायची तिथे आज वीसच्या वर. बर्फाच्या खड्यावर स्लाईड ठेवून बघितली : अर्धवट बदाम तसाच थबकला. उचलून उन्हात आणल्यावर काही पुढे गेले, काही पुन्हा गोल झाले आणि तसेच राहिले. संख्या थोडी, यावर निष्कर्ष नको. तक्त्यावर घालायचं नाही असं ठरलं, घड्याळवाली नाराज.

७ डिसेंबर

तिसरं विभाजन. चारच्या आठ पेशी होताना वरच्या चार लहान पेशी सरळ वर येत नाहीत. वरून बघताना घड्याळाच्या दिशेने किंचित वळतात आणि खालच्या मोठ्यांच्या खाचांवर बसतात. आमच्या लिम्नियाचा शंख उजव्या तोंडाचा, आणि ही वळणाची दिशाच पुढे शंखाची दिशा ठरवते. डाव्या शंखाच्या गोगलगायीत वळण उलटं. २००९ मध्ये रेइको कुरोदा यांच्या गटाने काचेच्या काडीने या चार पेशी उलट्या ढकलल्या, आणि उजव्या वळणाच्या भ्रूणातून डाव्या शंखाच्या गोगलगायी निघाल्या. २०१६ मध्ये या दिशेमागचं जनुक सापडलं ते फॉर्मिनचं. कडं विणणाऱ्यांच्याच घराण्यातलं.

आणखी एक, जे मला फार आवडतं. ही दिशा पिलाच्या स्वतःच्या जनुकांवर नाही, आईच्या जनुकांवर ठरते, कारण अंड्यात फॉर्मिन भरून ठेवते ती आई. १९२३ मध्ये स्टर्टेव्हंट यांनी वारशाच्या आकड्यांवरून हे ओळखलं होतं, रेणूचं नाव कळायच्या नव्वद वर्षं आधी.

आमच्या फायसाने बाटलीत अंडी घातली नाहीत. नाहीतर दोन्ही वळणं शेजारी दाखवता आली असती.

१० डिसेंबर

राहिलेला धागा, शब्दशः. कंबर आवळून संपली की पेशी सुटत नाही! मधे एक बारीक पूल उरतो, सूक्ष्मनलिकांनी गच्च भरलेला. १८९१ मध्ये वॉल्टर फ्लेमिंग यांनी त्यातली गाठ पाहिली, आज तिला मिडबॉडी म्हणतात. मानवी पेशींत हा पूल मायक्रोमीटरभर जाडीचा असतो आणि तासभर किंवा जास्त टिकतो. कडं इथे हतबल : आवळून आवळून किती आवळणार. इथून पुढे दुसरी टोळी येते, एस्कर्ट नावाची प्रथिनं. ती पुलाच्या आतून पिळाचे वेढे घालत पटल इतकं जवळ आणतात की ते दोन्ही बाजूंनी मिटून जातं. ही टोळी इथे लागते हे २००७ मध्ये समोर आलं, आणि एचआयव्हीचा विषाणू पेशीतून बाहेर सुटताना हीच टोळी वापरतो हे त्याआधीच माहीत होतं.

चित्रवाली शेतकऱ्याची मुलगी. म्हणाली, “शेळी व्यायली तरी नाळ असतेच की सर. ती तोडावी लागते.” तक्त्यावर तेच घेतलं.

कधी कधी नाळ मुद्दाम ठेवतात. वृषणात शुक्रपेशी तयार होताना एका कुळातल्या पेशी पुलांनी जोडलेल्याच राहतात. आणि कधी तुटणं मुळात होतच नाही. आपल्या यकृतात दोन-दोन केंद्रकांच्या पेशी सर्रास असतात, आजारी नसलेल्या माणसातही. मुलींना ते पटायला वेळ लागला. दोन केंद्रकं म्हणजे बिघाड, असं आपण शिकवतो.

१८ डिसेंबर

प्रदर्शन झालं. परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, “कांद्याचं का नाही घेतलं, सोपं असतं?” घड्याळवालीने उत्तर दिलं, कांद्यात खाच नसते. पुढच्या फेरीत निवड झाली नाही. मॉडेल हलत नाही म्हणे.

१९ डिसेंबर

बरणी रिकामी करून गोगलगायी हरिपूरला परत पाठवायच्या होत्या. सवयीने पाणी बदललं गेलं आणि पुन्हा पट्टी. शेवटची स्लाईड लावली आणि मामांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, एक डोळा मिटला, बराच वेळ काही बोलले नाहीत.

“आरं तिच्या. बदाम की ह्यो.”

मग बघत राहिले. बोळकांडीत तास संपल्याची घंटा द्यायची राहून गेली, मुलं ओरडायला लागली. दोन गोळे टेकून उभे राहिले तेव्हा त्यांनी वर बघून विचारलं, “झालं? सुटलं?”

घड्याळवाली म्हणाली, “दिसायला सुटलंय मामा. आतनं नाही.”